दोन तऱ्हेचं कुजणं

"बुरशी म्हणजे हरितद्रव्य नसलेली वनस्पतीच" असं एका प्रतिसादात वाचलं, ते पटलं नाही. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन (कीटकांच्या कवचात असतं तेच) असतं, साठवणीला स्टार्चऐवजी ग्लायकोजेन (प्राण्यांच्या शरीरात साठतं ते पिष्ट), आणि उत्क्रांतीच्या नात्याने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. पण ती नसती तर जंगलात ओंडक्यांचा खच पडला असता, हा त्याच प्रतिसादातला मुद्दा सोळा आणे खरा. त्यात थोडी भर.

लाकूड कुजवणाऱ्या बुरश्यांच्या दोन मुख्य तऱ्हा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. पडलेल्या ओंडक्याची सुटलेली साल जरा बाजूला करून बघा. आतलं लाकूड तपकिरी, उभ्याआडव्या भेगांनी चौकोनी तुकडे पडलेलं आणि चिमटीत भुगा होणारं असेल, तर बुरशीने सेल्युलोज (लाकडाचे तंतू ज्याचे बनतात तो पदार्थ) फस्त केलंय आणि लिग्निन (त्या तंतूंना जोडून लाकूड कडक करणारा पदार्थ) बरंचसं तसंच सोडलंय. लाकूड फिकट, ओलसर, तंतू सुटणारं असेल तर तिने लिग्निनही फोडलंय. हे दुसरं काम फार अवघड. भल्याभल्या जिवाणूंना ते नीट जमत नाही, कारण लिग्निनची रचना कमालीची वेडीवाकडी असते.

आणि हे सगळं पचन शरीराबाहेर चालतं! बुरशीचे तंतू लाकडात विकरं (पचन घडवणारी प्रथिनं, म्हणजे एन्झाइम) सोडतात आणि विरघळलेलं अन्न शोषून घेतात. जमिनीवर दिसणारी छत्री फक्त बीजाणू (नवी बुरशी ज्यातून उगवते ते सूक्ष्म कण) सोडण्यापुरती, खरा जीव आत पसरलेला असतो. तपकिरी भुगा मातीत वर्षानुवर्षं टिकतो, ओल धरून ठेवतो. म्हणून कुजका ओंडका दिसला की "स्वच्छते"साठी तो उचलून जाळू नका, ही कळकळीची विनंती.