शाळेतून निघालेला पिचर सहाव्या नंबरला घेतला, पायरेट्सनं बरोबर केलं का?

खारपाणपट्टा (ता. दर्यापूर)

नमस्कार मंडळी. वेचणी चालू आहे, दिवसा सवड नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर लिहून राहिलो.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमवाले इथं चार-पाच जण तरी आहेत. विषय २०२५ च्या जुलैतल्या ड्राफ्टचा आहे (टीम पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात तो), पण डोक्यातून जाईना. आपला सहावा नंबर होता आणि आपण सेथ हर्नांडेझ घेतला. कॅलिफोर्नियातल्या करोना हायस्कूलचा, उजव्या हाताचा पिचर (चेंडू टाकणारा). फास्टबॉल ताशी १०० मैलांपर्यंत जातो. त्याच शाळेचा बिली कार्लसनही दहाव्या नंबरला व्हाइट सॉक्सकडे गेला. एका शाळेतून पहिल्या दहात दोन पोरं! तिथल्या मास्तरांना माझा नमस्कार.

आता माझी अडचण सांगतो. आपली पाळी आली तेव्हा आयवा आर्केट शिल्लक होता. ओरेगन स्टेट कॉलेजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर), पुढच्याच नंबरला मायामीनं उचलला. जोजो पार्कर होता, तो आठव्याला टोरंटोकडे गेला. दोघंही बॅटवाले. आपल्याकडे दुष्काळ कशाचा आहे? बॅटचा. पॉल स्कीन्सनं यंदा नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ रन दिले, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमतानं मिळाला, आणि त्याच्या नावावर विजय १०, पराभव १०. एवढं टाकूनही दहा वेळा हरला, कारण मागून कोणी रन काढत नाही. आपली टीम ७१ जिंकून ९१ हरली.

पिट्सबर्गची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे चार-सव्वाचारला सुरू होते. भाद्रपदात रानडुकरांसाठी जागल असते, मी मचाणावर बसून मोबाइलवर पाहतो. स्कीन्स सात इनिंग टाकून बाकावर येतो, तोंडावर टॉवेल घेतो, आणि आपले तिघं ओळीनं बाद होतात. त्या वेळी जीव तुटतो हो.

मी पायरेट्सचा झालो २००८ साली. नोव्हेंबरात त्यांनी उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकी पोरं घेतली, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. (क्रिकेटवाला रिंकू वेगळा.) वर्षभर आधीपर्यंत त्यांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. ड्राफ्ट फक्त अमेरिका, कॅनडा आणि प्युर्तो रिकोच्या पोरांसाठी असतो, बाकीच्यांना टीम थेट करारावर घेते, म्हणून ते जमलं. मी तेव्हा अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बीपीएड करत होतो. बातमी वाचली त्या दिवसापासून ही टीम माझी. आता शाळेत पीटीचा मास्तर आहे, बेसबॉल-सॉफ्टबॉल दोन्ही शिकवतो.

तर सांगा. बॅटची गरज असताना कोवळा पिचर घेणं बरोबर का?

वणीवाला

बाप्पा, हे इचारायची गोष्ट हाये का? साफ चूक!

२०१० आठवा. पहिल्या नंबरले वॉशिंग्टननं ब्राइस हार्पर घेतला. दुसरा नंबर आपला. आपण कोण घेतला? जेमसन टायलन. टेक्सासच्या हायस्कूलचा, उजव्या हाताचा पिचर. अन तिसऱ्या नंबरले बाल्टिमोरनं कोण नेला? मॅनी मचाडो! मचाडो २०१२ मधीच मोठ्या लीगमधी (मेजर लीग) उतरला. आपला टायलन २०१६ मधी आला, मधात कोपराचं ऑपरेशन. २०१७ मधी बिचाऱ्याले कॅन्सर झाला, त्यातून उठून पुन्हा खेळला, त्याच्या जिगरीले सलाम हाये. मंग २०१९ मधी दुसऱ्यांदा कोपर. माणूस हिऱ्यासारखा, पण मचाडो हातचा गेला तो गेलाच.

तेच बी, तेच वावर. पुन्हा तेच पेरून राहिले अन म्हणते यंदा पिकन.

अजून एक. पिचर मोठा झाला की आपल्याकडे राह्यते कुठं? गेरिट कोल आपण २०११ मधी पहिल्या नंबरले घेतला, २०१८ मधी ह्यूस्टनले देऊन टाकला. ग्लॅसनो आपला होता, टांपाले देला, त्याच्यासंगं मेडोज अन बॅझ बी देले, एका आर्चर नावाच्या पिचरसाठी. कापूस आपला, सरकी बी दुसऱ्याची अन सूत बी दुसऱ्याचं. बॅटवाला घ्या, लवकर येते, पाच-सहा वर्सं तरी आपल्या डोळ्यानं पाहाले भेटते.

डावखुरी (मोर्शी)

वणीवाले दादा, टायलनचं दुःख मलाही आहे, पण हिशेब तेवढा सरळ नाही.

बेसबॉलचा ड्राफ्ट आजच्या गरजेवर करायचा नसतो. आयपीएलच्या लिलावात घेतलेला गडी दोन-तीन महिन्यांत मैदानात असतो. इथं शाळेतलं पोर घेतलं की रूकी, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा छोट्या लीगच्या पायऱ्या चढत चार-पाच वर्षांनी येतं. आपला बबा चँडलर बघा. २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीत शाळेतून घेतला, यंदा ऑगस्टमध्ये वर आला. आज बॅट नाही म्हणून बॅट घ्याल, तर ती बॅट २०२९ मध्ये येईल. तेव्हा काय कमी असेल हे आज कुणाला सांगता येतं?

आणि आपण बॅट घेतलीच आहे की! २०२४ ला नवव्या नंबरवर कॉनर ग्रिफिन, मिसिसिपीच्या हायस्कूलचा. यंदा तीन पायऱ्या मिळून बॅटिंग सरासरी .३३३, २१ होमरन, ६५ चोरलेले बेस. एकोणीस वर्षांचा पोरगा, नव्या पोरांच्या सगळ्या याद्यांत वर आहे.

नंबराचंही फार मनावर घेऊ नका. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ वा. माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १३९० वा. दोघांच्या बॅटनं इतिहास घडवला.

मला काळजी वेगळीच आहे. मी स्वतः शाळेत सॉफ्टबॉलची पिचर होते, आमचा हात खालून फिरतो. बेसबॉलचा हात वरून येतो आणि कोपरावर सगळा ताण पडतो. १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्सनी डेव्हिड क्लाइड पहिल्या नंबरला घेतला, शाळेतून निघालेला अठरा वर्षांचा मुलगा. महिन्याभराच्या आत त्याला मोठ्या लीगच्या मैदानात उभा केला, कारण तिकिटं खपत नव्हती. स्टेडियम भरलं, तो ती मॅच जिंकलाही. पण खांदा गेला आणि १९७९ नंतर तो मोठ्या लीगमध्ये दिसलाच नाही. म्हणून विचारायचं ते हे, की हर्नांडेझचा हात कोण सांभाळणार.

दादा, तुम्ही पीटीचे मास्तर आहात म्हणून विचारते. तुमच्या पोरांचे पिच तुम्ही मोजता का?

खारपाणपट्टा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मोबाइल बाजूला ठेवून दिला होता. दोन दिवसांनी लिहितो आहे.

आता मोजतो. आधी मोजत नव्हतो.

सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता, नाव सांगत नाही. नववीत, पंधरा वर्षांचा. बाप कोरडवाहू तीन एकरवाला. गोफणीनं ज्वारीवरची पाखरं उडवणारा हात होता त्याचा. पहिल्या दिवशी चेंडू दिला, त्यानं शिवणीवर बोटं अशी ठेवली की जणू जन्मापासून धरतो आहे. साठ फूट सहा इंचावरून टाकलेला चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये असा वाजायचा की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची.

सतरा वर्षांखालची जिल्हास्तरीय स्पर्धा होती. दोन दिवसांत तीन मॅच. पहिली त्यानं टाकली, समोरच्यांना चेंडू दिसला नाही. दुसरी त्याच दिवशी दुपारी. मी विचारलं, "जमते का?" तो म्हणाला, "हो सर." पंधरा वर्षांचं पोरगं सरांना दुसरं काय सांगणार? दुसऱ्या दिवशी फायनल, तीही त्यालाच दिली. चौथ्या इनिंगला त्याचे चेंडू उंच जाऊ लागले. हात थकला की कोपर खाली येतं आणि चेंडू वर सुटतो, हे मी पुस्तकात शिकलो होतो. दिसत होतं मला. तरी काढला नाही, कारण दोन रननं पुढं होतो आणि विभागीयला जायचं होतं. दहावीच्या सवलतीच्या गुणांची सगळ्याच पोरांना आस होती.

जिंकलो. परतताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. उजवं कोपर डाव्या हाताच्या तळव्यात धरून, खड्डा आला की डोळे मिटायचा. ट्रॉफी माझ्या मांडीवर होती.

आठवड्यानं त्याच्या वावरात गेलो. पोरगा कापूस वेचत होता, डाव्या हातानं. उजवा ओटीशी दुमडलेला, सरळच होत नव्हता. अमरावतीला डॉक्टरांना दाखवलं. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून पक्कं जुळलेलं नसतं, तिथंच ताण बसला होता. काही महिने चेंडू बंद. नंतर दुखणं थांबलं, पण तो हात परत आला नाही.

आता तो पोलीस भरतीची तयारी करतो. धावण्यात पुढं आहे, सोळाशे मीटरला कुणाला ऐकत नाही. गोळाफेकीचे मार्क जातात. तो मला कधीच काही बोलला नाही. भेटला की वाकून नमस्कार करतो. ते मला जास्त लागतं.

त्यामुळे हर्नांडेझ म्हटलं की मला १०० मैल दिसत नाही, कोपर दिसतं.

क्रिकेटवाला (दिग्रस)

तुमच्या बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, मित्रानं दाखवलं म्हणून वाचलं. एक गोष्ट सांगावीशी वाटते. उमेश यादव वलनी कोळसा खाणीच्या वस्तीतला. विशीपर्यंत टेनिस बॉलनंच खेळला, लेदर बॉल उशिरा हाती आला. २०११ मध्ये विदर्भाकडून कसोटी खेळणारा पहिला गडी झाला आणि पुढं बारा वर्षं वेगात टाकत राहिला. पंधराव्या वर्षी कुणी त्याला पिळून काढलं नव्हतं, म्हणून तर हात टिकला नसेल?

मास्तर, तुम्ही हे लिहिलं ते चांगलं केलं. आमच्या तालुक्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा दिवाळीपासून होळीपर्यंत चालतात आणि एकच पोट्टा चार गावांकडून बॉलिंग टाकतो.

डावखुरी (मोर्शी)

उमेश यादवचं पटलं. पण ताजा हातही तुटतो. जेकब डिग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता, पिचिंग अगदी शेवटी सुरू केलं. २०१० मध्ये नवव्या फेरीत २७२ वा गेला आणि त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन. पुढं दोन साय यंग जिंकले, आणि २०२३ मध्ये पुन्हा ऑपरेशन. हाताची हमी कुणालाच देता येत नाही. मोजणं आणि थांबवणं एवढंच आपल्या हाती आहे.

दादा, त्या पोराला सांगा, गोळा मनगटानं ढकलू नको, पाय आणि कंबर वापर. कोपरावर भार कमी येतो. माझा भाऊ तसाच भरती झाला.

वणीवाला

मास्तर, मी रागाच्या भरात लिवलं होतं. टायलनचं दुसरं ऑपरेशन झालं तवा मी "पैसा वाया गेला" म्हणून मोकळा झालो होतो. तुमचं वाचून कसंतरीच झालं.

तरी मत बदललं नाही हां. मी आर्केटच घेतला असता.

पण मोजता कसे ते सांगा. आमच्याकडे बी पोट्टे खेळते.

खारपाणपट्टा

ताई, निरोप देतो. रविवारी तो मैदानावर येतो, पोरांना पहिल्या बेसवर उभं राहायला शिकवतो.

वणीवाले, आता माझं मत. हर्नांडेझला घेतलं ते बरोबर केलं. तो फक्त वेगावर जगत नाही म्हणून. त्याचा चेंजअप नावाजलेला आहे, तेवढ्याच जोरात हात फिरवून चेंडू हळू सोडतो आणि बॅटवाला आधीच फिरवून बसतो. ज्याला हळू टाकूनही बाद करता येतं, त्याला प्रत्येक चेंडूला कोपर पिळावं लागत नाही. स्कीन्स कॉलेजातून, एकविसाव्या वर्षी आला आणि पुढच्या मे महिन्यात मोठ्या लीगमध्ये उतरला. हर्नांडेझचं तसं करू नये. चँडलरसारखी चार वर्षं द्यावीत. आणि पिकल्यावर विकू नये, यात तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

मोजायचं असं. उजव्या खिशात हरभऱ्याचे दाणे ठेवतो, ९५. पिच पडला की एक दाणा डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की पोरगा बाहेर, मग फायनल असो की काही असो. अमेरिकेत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरासाठी दिवसाला ९५ हीच मर्यादा घालून दिली आहे, आणि ७६ च्या वर टाकले तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे दोन दिवसांत तीन मॅच असतात, म्हणजे एका पिचरवर भागतच नाही. मी आता तिघं तयार करतो. तिसरा कच्चा आहे. यंदा त्यानंच टाकलेली मॅच हरलो, आणि तीन दिवस गावात मला कुणी धड बोललं नाही.

सराव धरून मोजा बरं. पोरं घरामागं भिंतीवर टाकत बसतात, ते आपल्या खिशात येत नाही. त्यासाठी पोरांच्या आयांना सांगून ठेवलं आहे, त्या बरोबर सांगतात.