फोटोत आहे म्हणून आठवतंय, की खरंच आठवतंय?

पिठलंभाकरी
पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी, म्हणून कपाटावरचे जुने अल्बम काढले. काळी पानं, मधे जाळीजाळीच्या नक्षीचा तो कुरकुरीत कागद, तेच. त्यात माझा महाबळेश्वरचा फोटो, वेण्णा लेकपाशी घोड्यावर, अंगात पिवळा फ्रॉक. ही गोष्ट मुलांना मी शंभरदा तरी सांगितली असेल, घोडा कसा मधेच थांबला, त्याच्या घामाचा वास, सगळं. आई शांतपणे म्हणाली, अगं ही तू नाहीस, ही ताई. तुला गोवर आला होता, तू वाईला आजीकडे होतीस. मग नीट बघितलं तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट! मग पिवळा कुठून आला?? तेव्हापासून डोकं भणभणतंय. तुमचं असं काही झालंय का? सांगा.

मोडकीछत्री
हाहा, सेम. जत्रेत पुठ्ठ्याचं विमान असायचं ना, भोकातून तोंड बाहेर काढून फोटो काढायचे, तसा माझा एक आहे. चौथीपर्यंत वर्गात सांगायचो मी विमानात बसलोय म्हणून, आणि खोटं नाही हो, मला खालची शेतं आठवायची. खऱ्या विमानात बसलो ३४व्या वर्षी. जत्रेतलं जास्त हवेशीर होतं.

एकपोळीजास्त
आमच्या बाबांकडे आग्फा क्लिक थ्री. रोलला १२ फोटो, गणपतीत घातलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवायचा म्हणजे पुरवायचाच. त्यामुळे अल्बमभर नुसते मोदक, किल्ला, नवे कपडे. माझ्या लेकीला वाटतं बाबाच्या लहानपणी रोजच सण होता. कधीतरी रोल धुवायला द्यायचा असायचा आणि एक फोटो उरलेला, मग जो समोर दिसेल त्याला गॅलरीत उभं करायचे. आता तेच फोटो मी बघत बसतो. मागे दोरीवर बनियन, रॉकेलचा डबा, सायकलची अर्धी चेन. ते घर मला त्या उरलेल्या फोटोंमुळेच आठवतं, गणपतीच्या फोटोत तर मखराशिवाय काहीच दिसत नाही.

साबुदाणा_वडी
वाचते नंतर, कुकर लावलाय. पण वेण्णा लेकचं मक्याचं कणीस आठवलं

चाळकरी
वरच्यांचं वाचून लिहायला बसलो. परळची चाळ, १९८२चे गणपती. शेजारच्या काकांच्या कॅमेऱ्यातला आमचा एक फोटो आहे, आम्ही तिघं भावंडं एकाच कापडाच्या कपड्यात, हातात पेढे, दात काढून हसतोय. मी कायम म्हणायचो, कसले मस्त दिवस होते. आईने एकदाच सुनावलं, अरे जानेवारीपासून संप चालू होता, तुझे बाबा घरी बसून होते, कापड मामाने आणलेलं आणि पेढे शेजारच्यांचे, फोटोपुरते हातात दिले होते. मला ते वर्ष आठवतंच तसं, पेढेवालं. बाबा त्या फोटोत नाहीत. का नाहीत ते आईला विचारलं नाही मी.

पिठलंभाकरी
@चाळकरी दादा, काय बोलू.

निवृत्त_पण_व्यस्त
यावर प्रयोग झालेत. २००२ साली २० जणांना त्यांच्याच लहानपणीच्या फोटोंत एक बनावट फोटो घालून दाखवला, गरम हवेच्या फुग्यातून फिरल्याचा. कुणीच फिरलेलं नव्हतं. तीन मुलाखतींनंतर निम्म्यांना थोडंफार तरी 'आठवायला' लागलं. तेव्हा घोड्याचं मनाला लावून घेऊ नका.

मोडकीछत्री
म्हणजे माझं विमान सायंटिफिक आहे

अंगणातली_तुळस
माझं थोडं उलटं. आमच्या आजीचा भिंतीवरचा हाराचा फोटो पेन्शनच्या कागदावरचा मोठा करून घेतलाय, कारण दुसरा नव्हताच. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट. नातवंडं म्हणतात पणजी खडूस होती. अहो ती दिवसभर हसायची, पण हसताना पदर तोंडावर धरायची, मग हसतानाचा फोटो येणार कुठून! आणि खरं सांगते, हल्ली मलाही ती डोळ्यांसमोर आणली की आधी आठ्याच येतात.

नदीकाठ
माझ्या आईचं माहेर पुण्यात नारायण पेठेत, पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ला, ट्रंकेसकट सगळे फोटो गेले. गंमत अशी की पुराआधीचं तिला खडान्‌खडा आठवतं, कोनाडा, जिन्याची मोडकी पायरी, शेजारणीची नथ. नंतरचं विचारलं की म्हणते, "अल्बम आण, बघून सांगते."

एकपोळीजास्त
@नदीकाठ हे भारीच. म्हणजे बुडवावेत की काय अल्बम

साबुदाणा_वडी
आले. कुकर झाला. आमच्याकडे ते चिकट पानांचे अल्बम आहेत वर प्लास्टिक असलेले, फोटो पार लालसर झालेत आणि निघतच नाहीत. कुणाला उपाय माहितीये? सासूबाईंचे लग्नाचे आहेत, फाटले तर माझं काही खरं नाही

निवृत्त_पण_व्यस्त
दात साफ करायचा दोरा, डेंटल फ्लॉस, फोटोखालून हळूहळू करवतीसारखा ओढा. जोर लावू नका. आणि आधी पानासकट मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

साबुदाणा_वडी
धन्यवाद काका 🙏 पण आमच्याकडे दात घासायला दोरा कुणी वापरत नाही, आणावा लागेल

मोडकीछत्री
@पिठलंभाकरी ताईला विचारलं का घोड्याचं?

पिठलंभाकरी
आत्ताच फोन झाला. म्हणे घोडाबिडा काही आठवत नाही, फ्रॉक टोचत होता तेवढं आठवतं. रंग विचारला तर हिरवा म्हणाली! भांडणच व्हायची वेळ आली. आई मधेच ओरडली, कसला फ्रॉक, परकर-पोलकं आहे ते. फोटो काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, त्यात काय कळणार. भिंग शोधतेय.