डिप्लीटेड युरेनियमविरोधी पत्रक : आरोग्याचा परिच्छेद कसा लिहावा? मदत हवी आहे

डिप्लीटेड युरेनियमच्या (अणुइंधन बनवताना उरणारा जड धातू, चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांत वापरतात) शस्त्रांवर बंदी यावी म्हणून आमचा गट सह्यांची मोहीम सुरू करतोय. पत्रक पाठपोट एकच पान. ही शस्त्रं जिथे वापरली ते इराक (१९९१, २००३), बोस्निया, कोसोव्हो आणि बेल्जियमचा २००७चा बंदी कायदा, एवढं लिहून झालंय. अडलंय ते आरोग्यापाशी.

धुळीचं सांगता येतं. गोळा चिलखतावर आदळला की पेट घेतो, त्याचं बारीक ऑक्साइड उडतं आणि श्वासातून फुफ्फुसात जातं; जळक्या रणगाड्यावर चढणाऱ्या मुलांच्या हाताला तीच काळी भुकटी लागते. किरणोत्सर्ग नैसर्गिक युरेनियमपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी, पण जड धातू म्हणून किडनीला घातक. कर्करोग आणि जन्मजात व्यंगांचं नाव काढलं की मात्र डॉक्टर मंडळी पुरावा मागतात, आणि ते रास्तच आहे. इराकमधल्या बसरा, फलुजा या शहरांबद्दल बरंच वाचलं. पण कोणाच्या शरीरात किती धूळ गेली याची धड मोजणीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाला कोसोव्होत सरसकट प्रदूषण आढळलं नाही. गोळे रुतलेल्या जागी माती दूषित होती आणि पाण्यावर लक्ष ठेवा असं त्यांनी सांगितलं.

'मोजणी झाली नाही, म्हणूनच वापर थांबवा' असा मसुदा करून पाहिला. वाचणाऱ्यांना तो लेचापेचा वाटला. व्यंग असलेल्या बाळांचे फोटो आम्ही छापणार नाही, यावर चर्चा नको.

अशा मोहिमेत काम केलेल्यांनी सांगावं : डॉक्टरला खोडता येणार नाही आणि सामान्य वाचक सही केल्याशिवाय पुढे जाणार नाही, असं चार-पाच वाक्यांत कसं मांडायचं?