‘स्लॅपहेड’ आणि ‘बाल्ड’ यांविषयी थोडी भर

‘स्लॅपहेड’ हा टक्कल पडलेल्या माणसासाठीचा शब्द ब्रिटनमध्ये निव्वळ मैत्रीतील थट्टा म्हणून वापरला जातो, असे म्हटले जाते. त्याला मी अंशतःच सहमत आहे. स्लॅप म्हणजे चापट, आणि जिच्यावर सहज चापट मारावी अशी गुळगुळीत टाळू, हे चित्र त्या शब्दात उघडच आहे. एखाद्याच्या शरीराला हात लावण्याची मोकळीक गृहीत धरणारा शब्द मला तरी निरुपद्रवी वाटत नाही. त्या मानाने ‘कोजॅक’ हे १९७० च्या दशकातील दूरचित्रवाणी मालिकेतील टक्कल असलेल्या पोलीस गुप्तहेरावरून पडलेले नाव बरेच सौम्य आहे.

‘बाल्ड’ म्हणजे टकला; ‘बाल्ड ॲज अ कूट’ (कूट पक्ष्यासारखा टकला) हा वाक्प्रचार मात्र वेगळ्या वाटेने आला आहे. कूट म्हणजे आपल्या तळ्यांवर दिसणारा चांदवा. त्याच्या कपाळावर पांढरी ढाल असते, आणि ‘बाल्ड’ या शब्दाचा पांढरा पट्टा असलेला हाही एक जुना अर्थ आहे. मराठी नावातही तोच पांढरा चांद आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

२०२२ मध्ये इंग्लंडमधील एका रोजगार न्यायाधिकरणाने, कामाच्या ठिकाणी पुरुषाला ‘बाल्ड’ या शब्दासह शिवी देणे हा लिंगाशी संबंधित छळ ठरवला, कारण टक्कल पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. पुढे अपिलातही, २०२३ मध्ये, हा निष्कर्ष कायम राहिला.