रविवारची मोहीम: चार्जर, ढकलाढकली आणि काकूंचे बाण

बंडू: कालच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाबद्दल बोलायचंय. कुणावर राग नाही, आधीच सांगतो. चौथ्या लेव्हलला ताकद वाढवायची सोडून मी चार्जर हे फीट घेतलं. आजवर ते एकदाच धड चाललं. काल.

बंडू: आणि त्या एकदाच्याच वेळी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

चिंटू: खाशील नाहीतर काय. ओगर राक्षस माझ्या शेजारी, पलीकडे मिनूताई, माझा स्नीक ॲटॅक तयार, म्हणजे शत्रूजवळ आपलं कुणी असलं की बसणारा जास्तीचा घाव. तू बोळाच्या टोकापासून पळत आलास आणि त्याला दहा फूट लांब लोटलंस. ताईचा टर्न आधीच होऊन गेलेला, त्याच्याजवळ आपलं कुणी उरलं नाही. माझा स्नीक ॲटॅक गेला.

ओंकार: शिवाय ढकललेल्यावर अपॉर्च्युनिटी ॲटॅक मिळत नाही. तो आपणहून निघाला असता तर तुम्ही दोघांनी फुकटचे वार केले असते. बंडूने त्याला सुखरूप दाराशी नेऊन सोडलं.

नंदूकाका: पाहुण्याला दारापर्यंत सोडावंच.

आप्पा: बंडूला फीट आली? कधी? मला कुणी सांगितलं कसं नाही?

ओंकार: आप्पा, फीट म्हणजे खेळातलं कौशल्य. बंडू ठणठणीत आहे.

सुमाकाकू: माझं एकच म्हणणं. शत्रूला पाडू नका. पडलेल्याला पाच फुटांच्या आतून मारणाऱ्याला ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, पण लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे लहान. मी नेहमी लांब असते.

बंडू: काकू, मी पाडलं नाही, ढकललं.

सुमाकाकू: बरं. पण पाडू नका.

बंडू: मूळ मुद्द्यावर येतो. ओंकारदादा, खेळ तू चालवतोस आणि तुझ्या सगळ्या खोल्या तीस बाय तीस फूट. चार्जरला आधी डॅश, म्हणजे जास्तीची धाव, घ्यावा लागतो, म्हणजे टर्नची मुख्य ॲक्शन त्यातच खर्च. वार काय तो एक, जोडीच्या छोट्या बोनस ॲक्शनचा. आता आकडे बघ. माझी दोन हाती तलवार २डी६ अधिक ३, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे अधिक ३, सरासरी १०. शत्रू तीस फुटांत असेल तर मी चालत जाऊन दोन वार करतो, लागले तर २०. धावत गेलो तर एकच वार, त्याला अधिक ५, म्हणजे १५. पळून पळून पाच कमी!

मिनूताई: हे तुला चौथ्या लेव्हललाच सांगितलं होतं. पाचव्याला दुसरा वार मिळणार, मग हे पडून राहील म्हणून.

ओंकार: तीनदा सांगितलं होतं.

बंडू: २०२४च्या नियमांत हे सुधारलंय. डॅशची अट गेली. शत्रूच्या दिशेने सरळ दहा फूट जाऊन ॲटॅक ॲक्शनमधला वार लागला की १डी८ जास्तीचं किंवा दहा फूट ढकला. टर्नमध्ये एकदा. वर ताकदीत किंवा चपळाईत एक वाढ. म्हणजे लिहिणाऱ्यांनाही कळलं की जुनं लंगडं होतं. ते मला द्या, विषय संपला.

ओंकार: मोहीम २०१४च्या नियमांवर सुरू झाली, त्यावरच संपेल. सगळ्यांनी हो म्हटलं होतं.

बंडू: ‘फक्त मूळ पुस्तक’ यालाही सगळ्यांनी हो म्हटलं होतं. ताईचं क्रशर हे फीट २०२०च्या पुस्तकातलं. पण ते चालतं. चालू दे. तुझी सख्खी बहीण आहे, समजू शकतो.

मिनूताई: बंडू, हे इथे नको.

बंडू: मी कुठे काही म्हणालो?

नंदूकाका: तुम्ही पोरं फार लाडावलेली. २००० साली या खेळाची थर्ड एडिशन आली तेव्हा बुल रश, म्हणजे धडक देऊन ढकलायला गेलं की आधी समोरच्याचा फुकटचा वार अंगावर घ्यायचा. तो चुकवायला इम्प्रूव्ह्ड बुल रश हे फीट घ्या, आणि ते मिळायला आधी पॉवर ॲटॅक हे फीट. धावून जाणं मात्र कुणालाही जमायचं, त्याला फीट लागत नसे. दुप्पट अंतर, वाराला अधिक दोन, चिलखताला उणे दोन.

चिंटू: काका, मग आता धावून जायला फीट का लागतं?

नंदूकाका: तेच तर म्हणतोय. जे सगळ्यांचं होतं ते काढून घेतलं आणि फीट म्हणून परत विकलं.

सुमाकाकू: अहो, तुमचं थर्ड एडिशन सुरू झालं की दोन तास जातात. चिंटू, विचारू नकोस.

मिनूताई: क्रशर का घेतलं ते एकदाच सांगते. गदेचा वार लागला की टर्नमध्ये एकदा पाच फूट सरकवता येतं. ना ॲथलेटिक्सची चढाओढ, ना सेव्ह, म्हणजे समोरच्याला फासा टाकून वाचायची संधी. बोनस ॲक्शनही जात नाही. मागच्या महिन्यातला कडा आठवा. तोही ओगरच होता, माझ्याहून एकच आकार मोठा, म्हणजे चालतो. पाच फूट सरकला आणि चाळीस फूट खाली. पडण्याची इजा ४डी६. चौदाच आले, त्याचे हिटपॉइंट, म्हणजे जीव, एकोणसाठ. पण त्याला परत वर यायला किती वेळ लागला?

ओंकार: लढाई संपेपर्यंत आलाच नाही.

आप्पा: चाळीस फूट म्हणजे थोडंथोडकं नाही.

पिंकी: माझ्या काट्यांबद्दल कुणीच बोलत नाही. स्पाइक ग्रोथ या माझ्या मंत्राच्या काट्यांत दर पाच फुटांना २डी४ इजा. बंडूदादाने दहा फूट ढकललं की ४डी४, सरासरी दहा. त्याच्या ‘अधिक ५’च्या दुप्पट! फक्त काटे कुठे आहेत ते बघून धाव म्हणावं.

चिंटू: एकदा न बघता धावला होता ना. स्वतःच.

बंडू: तेव्हा अंधार होता.

पिंकी: पायाखाली बघायला सांगितलं होतं मी.

सुमाकाकू: काटे चांगले. काट्यांत ढकला. पाडू नका.

चिंटू: मी म्हणतो बंडूने दोन हाती तलवार सोडून शील्ड मास्टर हे फीट घ्यावं. ढालीने बोनस ॲक्शनला धक्का, आधी पाडायचं आणि मग दोन्ही वार ॲडव्हान्टेजने.

ओंकार: आधी नाही. ॲटॅक ॲक्शन घेतली तरच तो बोनस मिळतो, म्हणजे आधी वार, मग ढाल.

चिंटू: मी तर उलटं वाचलं होतं.

ओंकार: नियम लिहिणाऱ्यांनीच आधी एक सांगितलं, मग फिरवलं. आपल्याकडे नंतर.

चिंटू: मग अर्थ काय राहिला?

ओंकार: तुमचे टर्न त्याच्या आधी असतील तर भरपूर. बंडू पाडेल, ताई आणि तू ॲडव्हान्टेजने माराल. पण बंडूनंतर लगेच शत्रूचाच टर्न असेल तर तो अर्धा वेग खर्चून उठतो, झालं. फीट घेताना कुणी इनिशिएटिव्हचा, म्हणजे कुणाचा टर्न कधी याचा, विचार करत नाही. तसंही पाडायला फीट लागतं कुठे? दोनातला एक वार सोडून कुणीही शव्ह, म्हणजे ढकलणं किंवा पाडणं, करू शकतं. बंडू, तू एकदाही केलेलं नाहीस.

बंडू: वार सोडायचा?

ओंकार: हेच. तुला ढकलायचंही असतं आणि वारही सोडवत नाही.

सुमाकाकू: परत सांगते, पडलेल्यावर लांबून बाण

सुमाकाकू: अर्धवट गेलं. लांबून बाण मारला की डिसॲडव्हान्टेज.

नंदूकाका: अगं, मग चार पावलं पुढे ये ना.

सुमाकाकू: पाच फुटांत शत्रू आला तरी धनुष्याला डिसॲडव्हान्टेजच. पंचवीस वर्षं खेळताय ना? आणि पुढे आले की मला वाचवायला तुम्ही कुठे असता, तेही सांगा ग्रुपवर.

नंदूकाका: 🙏

बंडू: म्हणजे निर्णय काय? मी मोहीम सोडतो असं म्हणत नाहीये. पण विचार करावा लागेल.

मिनूताई: ओंकार, त्याला फीट बदलून दे. माझ्या क्रशरवरून उगाच बोलणी नकोत.

ओंकार: पुढच्या लेव्हलला बदल, माझी ना नाही. पण या रविवारी घाई करू नकोस. खोली नाहीये. पूल आहे. शंभर फूट लांब, दहा फूट रुंद.

बंडू: सरळ?

ओंकार: सरळ.

आप्पा: कठडा आहे का?

ओंकार: नाही, आप्पा.

बंडू: ओंकारदादा, सकाळपासून जरा जास्तच बोललो. मनावर घेऊ नकोस.

चिंटू: हा बघा.

बंडू: खाली किती खोल आहे?

ओंकार: ते खेळताना. आणि फार खूश होऊ नकोस, पलीकडूनही कुणीतरी धावत येणार आहे. शिंगं आहेत, एवढंच सांगतो. त्याच्या मागे धनुष्यवाले.

नंदूकाका: मिनोटॉर, बैलाच्या डोक्याचा राक्षस. दहा फूट सरळ येऊन शिंग मारलं की २डी८ जास्तीचं, आणि १४चा ताकदीचा सेव्ह चुकला तर दहा फूट मागे आणि आडवे.

ओंकार: काका!!

पिंकी: दहा फुटांचा पूल आणि दहा फूट मागे. सगळे एकामागे एक उभे राहू या.

चिंटू: बंडूदादा सगळ्यात पुढे.

सुमाकाकू: थांबा. त्याने मला आडवं पाडलं तर त्याच्या धनुष्यवाल्यांनाही डिसॲडव्हान्टेज ना?

ओंकार: हो, काकू.

सुमाकाकू: मग मी पुढे उभी राहते.