‘पाणी जातंय’ म्हणजे नेमकं काय?

अंबडकर: नाशिकमधल्या अंबडच्या कामगार वस्तीत आम्ही बायकांना स्त्री-आरोग्याची माहिती द्यायला जातो. बऱ्याच जणी उत्तर प्रदेश-बिहारकडच्या, काही खानदेश-मराठवाड्याच्या. एकीने सांगितलं, ‘दीदी, पानी जाता है.’ आमच्यातली नवीन मुलगी दचकली, तिने विचारलं, ‘कितवा महिना?’ उत्तर आलं, ‘महीना तो कल ही खतम हुआ.’ दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आमच्या पत्रकात ‘श्वेतप्रदर’ छापलंय. ते वाचून मराठी बायकाही गप्प बसतात. सगळ्यांना कळेल असा शब्द कोणता?

गोदाकाठ: घोळ दोन्ही शब्दांत आहे. आपल्याकडे ‘पाणी जातंय’ म्हटलं की गरोदर बाईचं गर्भजल, म्हणजे तडक दवाखाना गाठायचा. त्यांचं ‘सफेद पानी’ म्हणजे आपलं अंगावरून पांढरं जाणं, तुमच्या पत्रकातलं ‘श्वेतप्रदर’. त्यांचा ‘महीना’ म्हणजे पाळी. आपण मात्र ‘कितवा महिना’ असं दिवस गेलेल्या बाईलाच विचारतो. 

नुसतं ‘अंगावरून जाणं’ही लिहू नका. ‘फार अंगावरून जातंय’ हे आपल्या बायका रक्तस्रावाबद्दल सांगतात. त्यात ‘अंगावरून वारं जाणं’ म्हणजे अर्धांगवायू, ‘अंगावर पाजणं’ म्हणजे आईचं दूध आणि ‘दुखणं अंगावर काढणं’ तर घरोघरी चालूच असतं. ‘पांढरं’ हा शब्द सोडलात तर काहीही अर्थ निघेल.

जुनी सिस्टर: मराठीत याला ‘धुपणी’ असा जुना शब्द आहे. म्हाताऱ्या बायकांना कळायचा, आताच्या मुलींना विचारलं तर त्या उदबत्तीकडे बोट दाखवतील. ‘श्वेतप्रदर’ वैद्यांच्या पुस्तकात शोभतो.

पण ताई, शब्दाइतकंच त्याच्या पुढे काय लिहिता हेही बघा. पांढरं जाणं म्हणजे रोगच, असं नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पातळ, चिकट, वास नसलेला स्राव बहुतेकींना होतो. खाज, घाण वास, पिवळट-हिरवट रंग किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर तपासून घ्यायचं. उत्तरेकडच्या अनेक जणी याला ‘धात’ म्हणतात आणि त्याने हाडं झिजतात, अशक्तपणा येतो असं समजतात. मराठीत ‘धातू जाणं’ म्हणजे वीर्य जाणं, ते पुरुषांचं, त्यामुळे आपल्याला ते ऐकून चुकल्यासारखं वाटतं. तिची चूक काढत बसू नका, त्रास काय होतो ते विचारा.

आणि कृपा करून ‘गुप्तरोग’ नको. तो भिंतीवरच्या भोंदू जाहिरातींनी पार नासवलाय. सरकारी दवाखान्यात लक्षण बघून रंगीत पाकिटातली औषधं देतात. योनीतून स्राव जात असेल तर हिरवं पाकीट. तिथे रोगाचं नाव माहीत असायची गरजच नसते, लक्षण नीट सांगता आलं की पुरे.

निफाडचा: ‘जननमार्गाचा संसर्ग’ कसा वाटतो? आमच्याकडे एका शिबिराच्या फलकावर त्याचं इंग्रजी लघुरूप ‘आरटीआय’ लिहिलं होतं. दोघं जण माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन आले.

जुनी सिस्टर: संसर्ग ठीक आहे, पण तो दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत ती तोंडाने जे सांगते तेच हवं.

अंबडकर: मग शीर्षक ‘अंगावरून पांढरं जाणं (सफेद पानी)’ असं करतो, आणि पोटात बाळ असेल तर ‘पाणी जाणं’ वेगळ्या चौकटीत, ‘लगेच दवाखान्यात जा’ असं लिहून. आता एकच राहिलं. लैंगिक संबंधातून लागण झाली असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तिला पुन्हा लागण होते. मसुद्यात लिहिलंय, ‘मालकांनाही दवाखान्यात घेऊन या.’ चालेल?

गोदाकाठ: अजिबात नाही! बिहारच्या बाईला ‘मालिक’ म्हणजे कारखान्याचा शेठ. सरळ ‘नवरा’ लिहा, शेजारी ‘घरवाला’.

निफाडचा: आणि ज्यांचा घरवाला गावीच आहे, त्यांच्यासाठी त्याला तिकडच्या सरकारी दवाखान्यात काय सांगायचं ते हिंदीत लिहून द्या. फोनवरून हे बोलायला जीभ रेटत नाही कुणाची.