नववीतल्या मुलीचं इंग्लिश: शब्द पाठ आहेत, पॅरेग्राफ चार ओळींच्या पुढे जात नाही

वाळपईची_आई
नमस्कार सगळ्यांना. मुलगी नववीत आहे, हायस्कूल इंग्लिश मीडियम, पण चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होती. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बऱ्याच जणांचं असंच असतं ना, पाचवीला एकदम सगळं इंग्लिशमधून सुरू होतं आणि पोर गांगरतं. बाकी विषय तिने सांभाळून घेतले, गणितात तर वर्गात पुढे आहे, घोडं अडलंय ते इंग्लिशच्या लिखाणात. वहीवर लाल पेनने शेरा आलाय, वोकॅब्युलरी पुअर, पॅरेग्राफ नॉट डेव्हलप्ड. आता डेव्हलप करा म्हणजे नेमकं काय करा हे काही कोणी सांगत नाही.
शब्दांचं एक जाडजूड पुस्तक आणलं, रोज दहा शब्द, दोन महिने नेमाने पाठ करतेय, अर्थ विचारला की फाडफाड सांगते. लिहायला बसली की त्यातला एक शब्द येईल तर शपथ, आणि आला तर भलतीकडे येतो. परवा 'माय व्हिलेज'वर लिहायचं होतं ते जसंच्या तसं देते: "माय व्हिलेज इज व्हेरी ब्युटिफुल. देअर आर मेनी ट्रीज. पीपल आर व्हेरी काइंड. माय व्हिलेज इज मॅग्निफिसंट. आय लव्ह माय व्हिलेज." झालं, संपला गाव!
तोंडाने विचारा, आजोबांच्या काजूच्या भाटाबद्दल, म्हणजे बागेबद्दल, अर्धा तास बोलेल, थांबणार नाही. मी स्वतः मराठीतून शिकलेली, मला एवढं तपासता येत नाही. ट्युशनला पाठवू का? जवळ जी आहे तिथे लिहिलेले निबंध देतात आणि पाठ करायला सांगतात. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

साखळीचा_बाबा
ताई, स्पष्टच सांगतो. दहावी आता दारात आहे, या वयात भाषा शिकवत बसू नका. दहा-बारा तयार पॅरेग्राफ घोटून घ्या, पर्यावरण, मोबाइल, पाऊस, माझा आवडता सण, त्यातलंच फिरवून फिरवून येतं. माझा मोठा असाच निघाला. इंग्लिश नंतर येतं आपोआप, नोकरीला लागला की.

खडू_डस्टर (फोंडा)
हायस्कूलला इंग्लिश शिकवून मला वीसेक वर्षं झाली, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.
आधी त्या शेऱ्याबद्दल. 'नॉट डेव्हलप्ड' हे आम्ही शिक्षक सवयीने लिहितो, मीही लिहिलंय आणि त्याचा मुलांना शून्य उपयोग होतो हे मला फार उशिरा कळलं. त्याचा अर्थ एवढाच, की तू एक गोष्ट सांगितलीस आणि ती तिथेच टाकून दुसरीकडे पळालीस. तुमच्या लेकीची पाच वाक्यं बघा, पाच वेगळ्या गोष्टी आहेत. झाडं आहेत, कुठली? लोक काइंड आहेत, कोणी काय केलं म्हणून? वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो आणि उत्तर मिळायच्या आत गाडी पुढच्या स्टॉपला. पॅरेग्राफ म्हणजे एकच मुद्दा, तो पहिल्या-दुसऱ्या वाक्यात सांगायचा आणि उरलेली सगळी वाक्यं त्याच मुद्द्याची चाकरी करणार. जे वाक्य चाकरी करत नाही ते कितीही सुंदर असो, काढायचं.
मग गाव सोडून द्या. तिला म्हणावं फक्त एप्रिलमधली आजोबांची सकाळ लिही. पहिलं वाक्य, "इन एप्रिल अवर होल हाउस स्मेल्स ऑफ कॅश्यू." आता का ते सांग. आजोबा किती वाजता उठतात, झाडाखाली पडलेले बोंडू (काजूची फळं) कशात गोळा करतात, बी वेगळी कोण करतं, बोंडू तुडवायला कोण उतरतं, नीरो, म्हणजे बोंडूचा रस, कसा थेंब थेंब गळतो, हाताला चीक लागला की काय होतं. दहा वाक्यं अशीच झाली आणि एकदाही ब्युटिफुल लिहावं लागलं नाही. बोंडू, नीरो यांना इंग्लिश शब्द शोधत बसू नये, तेच शब्द लिहावेत आणि अर्ध्या वाक्यात समजावून सांगावं, परीक्षक गोव्यातलाच असतो, त्यालाही बरं वाटतं.
आता शब्दांचं. दोन महिन्यांत सहाशे शब्द पाठ झाले म्हणता, पण ते सुटे शब्द आहेत, शब्द सुटा जगत नाही. आपण मराठीत मुसळधार पाऊस म्हणतो, सोसाट्याचा वारा, कडक चहा. कोणी सोसाट्याचा पाऊस म्हणालं तर हसू येईल. इंग्लिशमध्येही तेच, रेन हेवी, विंड स्ट्राँग, चहासुद्धा स्ट्राँगच. शब्दाचा सोबती कोण ते माहीत नसेल तर अर्थ पाठ असून काय करणार? आपल्या मुलांना सगळ्यात जास्त नडतं ते 'करणे'. आपण गृहपाठ करतो, चूक करतो, आंघोळ करतो, फोन करतो, निर्णयही करतो नाहीतर घेतो. इंग्लिशमध्ये होमवर्क 'डू', मिस्टेक 'मेक', बाथ 'टेक', डिसिजन पुन्हा 'मेक'. म्हणून वहीत 'मिस्टेक म्हणजे चूक' असं लिहूच नये, 'मेक अ मिस्टेक' अशी जोडी लिहावी आणि शेजारी स्वतःच्या घरातलं एक वाक्य. दिवसाला दहा नको, तीन पुरे, पण तीनही त्याच आठवड्याच्या लिखाणात वापरायचे.
दुसरं म्हणजे एका शब्दाचं कुटुंब. सक्सीड, सक्सेस, सक्सेसफुल, सक्सेसफुली. मुलं 'ही सक्सेस इन एक्झाम' लिहितात कारण चौघांमधला एकच भाऊ ओळखीचा असतो.
आणि कुठले शब्द आधी, हा प्रश्न असतोच. मायकल वेस्ट यांनी १९५३ साली साधारण दोन हजार शब्दांची यादी काढली होती, रोजच्या इंग्लिश लिखाणातले शंभरातले जवळजवळ ऐंशी शब्द त्या यादीतले निघतात. मॅग्निफिसंट वगैरे त्याच्या पुढचे. गेट, कीप, टर्न, रन असले छोटे शब्द पंधरा तऱ्हांनी वापरता आले तर नववी काय, बारावीपर्यंत अडणार नाही. जाड पुस्तक सध्या माळ्यावर ठेवा.
(साखळीच्या बाबांना: तयार पॅरेग्राफचा अनुभव मलाही आहे. 'माझा आवडता सण' घोटलेली मुलं 'तू अनुभवलेला एखादा सण, ज्यात काहीतरी चुकलं' असा विषय आला की गणपतीचं वर्णन लिहून मोकळी होतात. विषयच हुकला तर मार्क कुठून देऊ?)

बोंडू_२००४
मी पेडण्याचा, आता कॉलेजला, माझीही चौथीपर्यंत मराठी शाळा. सर बोलले ते सगळं बरोबर पण एक भर घालतो, वाचायला आवडीचं काहीतरी द्या. मला इंग्लिश वाचनाचा कंटाळाच होता पण फुटबॉलवर जीव, एफसी गोवाच्या मॅचचे रिपोर्ट पेपरात यायचे ते वाचायला लागलो, स्कोर माहीत असायचा, गोल कसा झाला ते टीव्हीवर बघितलेलं असायचं, त्यामुळे डिक्शनरी न उघडता कळायचं की 'नॅरोली मिस्ड' म्हणजे काय झालं असणार. नंतर तेच शब्द माझ्या लिखाणात आपोआप यायला लागले. तिला काय आवडतं, स्वयंपाक, डान्स, क्रिकेट, त्याचंच द्या. पेपर घरी येत नसेल तर लायब्ररी आहेच, पणजीला पाट्टोवर सेंट्रल लायब्ररीत मुलांचा विभाग आहे, सुट्टीत एकदा घेऊन जा, निदान बिल्डिंग बघून तरी खूश होईल.
आणि शब्द विसरण्यावर उपाय, डब्यांचा. तीन डबे घ्या, फरसाणचे चालतील. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्लिश. पहिल्या डब्यातल्या रोज बघायच्या, आली की दुसऱ्यात, त्या तीन दिवसांनी, पुन्हा आली की तिसऱ्यात, त्या आठवड्याने. चुकली की परत पहिल्या डब्यात. ही माझी अक्कल नाही, सेबास्तियन लाइटनर नावाच्या माणसाने १९७२ साली पुस्तकात मांडलेली पद्धत आहे, आता मोबाइलवरची शब्दांची बरीच ॲप्स याच तत्त्वावर चालतात. पण मोबाइल नको, मोबाइल उघडला की शब्द राहतात आणि रील्स सुरू होतात, स्वानुभव.

मडगावची_मावशी
एक गंमत सांगते, घरात शब्दांची गोडी लागायला बरी पडते. आपल्या मराठी-कोंकणीत पोर्तुगीज शब्द भरपूर आहेत आणि पोर्तुगीजचं मूळ लॅटिन, इंग्लिशमध्येही लॅटिन भरपूर. त्यामुळे कितीतरी शब्द लांबचे नातेवाईक निघतात. नाताळ घ्या, त्याच मुळातून इंग्लिशमधले नेटिव्ह आणि नेशन आलेत, सगळ्यांच्या पोटात 'जन्म'. पगार आणि इंग्लिश 'पे' एकाच घरातले. सगळ्यात आवडता माझा पाव! लॅटिनमध्ये पाव म्हणजे पानिस, आणि कंपॅनियन म्हणजे ज्याच्याबरोबर पाव वाटून खातो तो. माझ्या नातवाला हे सांगितल्यापासून कंपॅनियनचं स्पेलिंग तो विसरलेला नाही. सगळ्या शब्दांना हे लागू होत नाही, ओढूनताणून नाती जोडू नका, पण पोदेर सायकलवरून पावाची टोपली घेऊन आला की मला अजून आठवतं.

साखळीचा_बाबा
सर, विषय हुकण्याचा मुद्दा मान्य. पण घरी इंग्लिश जाणणारं कोणी नाही, पोरीने लिहिलं तर तपासणार कोण? चुकीचं लिहून चूकच पक्की व्हायची.

खडू_डस्टर (फोंडा)
रास्त प्रश्न आहे. सगळं तपासायची गरज नाही, एका आठवड्यात एकच चूक धरायची. आपल्या मुलांच्या चुका बघितल्या तर पाच-सहाच असतात, फिरून फिरून त्याच. एक, अ आणि द. मराठीत आर्टिकल नाहीतच त्यामुळे एक तर गायब किंवा मिठासारखी सगळीकडे. दोन, 'डिस्कस अबाउट', कारण आपण 'विषयी' चर्चा करतो. इंग्लिशमध्ये डिस्कसला अबाउट नको. तीन, 'क्लोज द लाइट', आपण दिवाही बंद करतो आणि दारही. चार, आणि हे मोठं, आपलं 'येऊन, जेवून, बसून'. मराठीत "मी शाळेतून येऊन जेवून अभ्यासाला बसले" हे एका दमात म्हणता येतं, मुलं तसंच उतरवतात, "आय कमिंग फ्रॉम स्कूल ईटिंग सॅट फॉर स्टडी". त्यांना सांगायचं, प्रत्येक 'ऊन'ला एक पूर्ण क्रियापद दे, नाहीतर वाक्य तोड. एवढं बघायला आईला इंग्लिश यायला लागत नाही. आईने मुलीला आधी मराठीत बोलायला लावायचं, 'ऊन' किती आले ते बोटांवर मोजायचे, मग मुलगी तेवढी क्रियापदं इंग्लिशमध्ये आहेत का ते दाखवेल. उरलेलं शाळेत बाईंना दाखवा, पूर्ण वही नको, एक पॅरेग्राफ, 'यातली आर्टिकलं बघाल का' असं विचारलं की कुठलीही बाई बघते.
आणि मोठ्याने वाचायला सांगा. जिथे दम लागतो तिथे बहुतेक पूर्णविराम राहिलेला असतो.

वाळपईची_आई
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. तीन आठवडे झाले म्हणून लिहितेय. जाड पुस्तक खरंच माळ्यावर गेलं, ती एवढी खूश झाली की मलाच अपराधी वाटलं. डबे केलेत, तिसऱ्या डब्यात अजून अकराच चिठ्ठ्या आहेत पण त्या अकरा येतात म्हणजे येतातच. 'ऊन' मोजायचा तर घरात खेळच झालाय, काल सासूबाई म्हणाल्या, "बाजारात जाऊन मासळी घेऊन येऊन भाजून", तर पोरगी ओरडली, आजी चार झाले!
काजूचा पॅरेग्राफ लिहिला. पहिल्या वेळी सात वाक्यं, त्यातही दोन ठिकाणी ब्युटिफुल घुसलंच होतं, ते तिनेच काढलं. दुसऱ्या वेळी बारा. आजोबांना वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत, तर ते म्हणाले बोंडू काठीने पाडत नाहीत गो, पडलेलेच उचलायचे, हे चुकीचं लिहिलंयस. म्हणून तिसऱ्यांदा लिहिला. शेवटचं वाक्य असं आहे: "माय ग्रँडफादर नेव्हर शेक्स द ट्री, ही वेट्स फॉर इट टू गिव्ह."
सर, यात 'द ट्री' बरोबर आहे ना, की 'अ ट्री' पाहिजे? ती म्हणते एकच झाड थोडंच आहे.

खडू_डस्टर (फोंडा)
'द' राहू दे. वाचताना मला आजोबा एका झाडाखाली उभे दिसले. आणि पुढचा पॅरेग्राफ भाटीवर (जिथे काजूची दारू गाळतात) लिहायला सांगू नका बरं का, बाई पालकांना बोलावतील. चतुर्थीच्या माटोळीचा (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट) लिहू दे, कुठलं फळ कोणी रानातून आणलं, कोणी बांधलं. तिथे शब्दांची मजा आहे.

बोंडू_२००४
माटोळीतल्या अर्ध्या फळांची इंग्लिश नावं मला अजून येत नाहीत, लिहून झाला की इथे टाका.